चोपन्न सालचा एकच खून

खटावकर : ...एक्कावन्नला दोन, बावन्नला एक, त्रेपन्नला एक, चोपन्नला एक, पंचावन्नला दोन. पाच वर्षांत सात खून. बरोबर?

मनसाराम : कागदावर बरोबर आहे साहेब.

खटावकर : कागदावर म्हणजे? पोलीस ठाण्यात खून आणखी कुठे मोजतात? पुढचे घ्या. छप्पनला तीन, सत्तावन्नला पाच, आणि या अठ्ठावन्नच्या एप्रिलअखेर तीन. सव्वादोन वर्षांत अकरा. झालं काम. आता इथे खाली सही करा. ‘या ठाण्याच्या दप्तराप्रमाणे वरील आकडे खरे व पूर्ण आहेत.’ ठाणेदार दौऱ्यावर आहेत, त्यांची सही मागाहून येईल. दप्तर तुमच्या ताब्यात, तेव्हा हेड मोहरर म्हणून तुमची आधी.

मनसाराम : कायच्यासाठी पाहिजे जी हे? अठ्ठावीस वर्सं नोकरी झाली माही. खुनाचा हिशेब मांगाले चांद्याहून कोनी इन्स्पेक्टर वैनगंगा वलांडून आला, असं पयल्यांदाच पाहून राह्यलो. तेबी मे महिन्यात.

खटावकर : वरून पत्र आलंय. पंचावन्न सालापर्यंत कायदा काय होता, तुम्हाला माहीत असेल. खून शाबीत झाला की फाशी. जज्जाला फाशी द्यायची नसेल तर का देत नाही, त्याचं कारण निकालपत्रात लिहावं लागे. छप्पनच्या जानेवारीपासून ते बंधन उठलं. आता फाशी द्या की जन्मठेप द्या, जज्जाची मर्जी. आणि काही मंडळींचं म्हणणं, फाशी मुळातच काढून टाका. म्हणून आकडे मागवलेत. कायदा सैल व्हायच्या आधी खून किती, नंतर किती.

मनसाराम : आन आपल्या जिल्ह्याचं म्हननं काय जाईन?

खटावकर : ‘फाशीचा धाक कमी होताच खुनांचं प्रमाण लक्षणीय वाढलं.’ शेरा टाइप होऊन तयार आहे. मीच लिहिलाय.

मनसाराम : आकडे याच्या आधीच?

खटावकर : मोठ्या साहेबांना अंदाज होता. आणि ठरला ना खरा? सातावरून अकरा, तेही निम्म्या काळात! करा सही. ऊन उतरायच्या आत मला घाटावर डोंगा गाठायचाय.

मनसाराम : सही नाई करत मी.

खटावकर : काय?

मनसाराम : खरे हो म्हना, पूर्न हो म्हना, दोन्ही खोटं आहे. मी नाई करत.

खटावकर : मनसाराम, तुम्ही माझ्याहून वयानं मोठे आहात म्हणून शांतपणे विचारतो. तुमच्याच हातचं रजिस्टर, तुमचंच अक्षर. मग खोटं काय?

मनसाराम : माहंच अक्षर आहे, म्हून तं मले म्हाईत आहे. साहेब, तुम्ही एकच बुक पाह्यलं. हे दुसरं पाहा. मर्ग रजिस्टर.

खटावकर : मर्ग?

मनसाराम : तुमच्या साताऱ्याकडं ‘अकस्मात मृत्यू’ म्हनत असान. बुडाला, जळाला, साप चावला, झाडावरून पडला. इकडं मर्ग म्हनते. त्रेपन्न साल काढा. वाघानं मारलेले किती ते मोजा.

खटावकर : एक... दोन... चार. चारही बायका.

मनसाराम : बावन्न पाहा.

खटावकर : तीन. याही बायकाच.

मनसाराम : आमच्या जंगलातला वाघ मोठा सज्जन होता साहेब. मानसाच्या अंगाले हात लावत नवता. नवऱ्याले नको झालेली बाई तेवढी उचलून नेये. आन एका बाईचाबी मुडदा ठाण्यात आला नाई. वाघानं खाल्ला म्हनलं का मुडदा दाखवा लागत नाई ना! पाटलानं सांगितलं, पंचानं अंगठे ठोकले, म्या लिहिलं. छप्पनच्या नोव्हेंबरात राज्य बदललं, आमी मध्यप्रदेशातून मुंबईत आलो, अन् हे आत्ताचे ठाणेदार आले. मोठे कडक. म्हनते, वाघानं खाल्ली तं हाडं दाखवा, लुगडं दाखवा, मी येतो जंगलात. तवापासून वाघानं एकबी बाई खाल्ली नाई. खून मात्र वाढले.

खटावकर : म्हणजे तुम्ही म्हणता...

मनसाराम : खून तेवढेच आहेत. लिहिनारा बदलला.

खटावकर : हा तुमचा तर्क झाला. सरकार तर्कावर चालत नाही. सात बायकांपैकी दोघींना खरोखर वाघानं नेलं असेल. कोण सांगणार?

मनसाराम : कोनीच नाई. म्हून मी वाघाचं सोडून देतो. मी तुमाले चोपन्न सालचं सांगतो, ते मले डोळ्यानं म्हाईत आहे. चोपन्नच्या खान्यात तुम्ही एक लिहिला ना, तो लालसू.

खटावकर : लालसू... हो. कलम तीनशे दोन. सख्ख्या भावाचा खून. फाशी.

मनसाराम : पूर्वेकडच्या जंगलातला माडिया. चार वर्सांचं पोरगं तापानं गेलं त्याचं. त्याले वाटलं, भावानं करनी केली. घातली कुऱ्हाड. मंग त्याच भावापाशी सांजवरी बसून राह्यला. लोकाइनं मुडदा उचलला तवा उठला, आन दोन दिवस पायी चालत इथी आला. वाटंतल्या गावात ज्यानं इचारलं, कुठी चालला बाप्पा, त्याले सांगत आला. याच टेबलावर कुऱ्हाड ठेवली अन् म्हने, मी मारलं. धराले कोनी गेलं नवतं. तपास नाई, साक्षीदार नाई. त्या सालची आमची कामगिरी म्हंजे तेवढीच.

खटावकर : कबुली दिली तरी खून तो खूनच.

मनसाराम : हो जी. पन ऐका ना. मले गोंडी येते, म्हून चांद्याच्या कोर्टात दुभाषी मीच. जज्जानं इचारलं, आरोपीले काही सांगाचं आहे काय? लालसू लय वेळ बोलला. ताप कसा चढला, पोरानं पानी कसं मांगितलं, भाऊ तवा दारात कसा उभा होता. बोलता बोलता रडाले लागला. जज्ज घड्याळाकडं पाहून म्हनाले, मोहरर, मारलं म्हनतो की नाई म्हनतो, तेवढंच सांगा. म्या सांगितलं, मारलं म्हनतो.

खटावकर : तेवढंच?

मनसाराम : तेवढंच. फाशी न द्याची तं कारन लिहा लागे ना? जज्जानं लिहिलं, कारन दिसत नाई. दिसन कुठून? कारन गोंडीत होतं, आन म्या ते मराठीत आनलंच नाई. पंचावन्नच्या थंडीत नागपूरच्या जेलात टांगला त्याले. इथून चांद्याले नेलं तवा मले म्हने, मोहफुलं पडाच्या आधी सोडाल ना? घरी फुलं वेचाले कोनी नाई. आता सांगा, कोनत्या कायद्याचा धाक त्याले? फाशी ही चीज त्याले म्हाईतच नवती.

खटावकर : वाईट झालं. मला वाईट वाटतं. पण तुम्ही मूळ मुद्दा सोडून बोलताय. चोपन्न साली एक खून झाला, एक लिहिला. आकडा कुठे चुकला?

मनसाराम : मर्ग रजिस्टर आहे ना हाती? चोपन्न काढा. मे महिना. अकरा तारीख. वाचा मोठ्यानं.

खटावकर : ‘दादाजी वल्द डोमा, जात ढिवर, वय अंदाजे तीस, राहणार करंजबोडी. मालगुजारी तलावात मासे धरताना पाय घसरून खोल पाण्यात पडला व बुडून मयत झाला. संशय नाही.’

मनसाराम : काही दिसलं?

खटावकर : काय दिसायचंय? माणूस बुडाला.

मनसाराम : ढिवर बुडाला, साहेब. चालता येत नाई तवापासून पान्यात राह्यते ते लोकं. बरं, तेबी सोडा. तुम्ही आता करंजबोडीवरूनच आले ना? रस्ता तलावाच्या पाळीवरून, बांधावरून येते. किती पानी होतं तलावात?

खटावकर : पाणी कुठलं! चिखल होता. मधोमध डबक्यात म्हशी उभ्या होत्या, म्हशींचं पोटही भिजत नव्हतं...

मनसाराम : आज तारीख कोनती?

खटावकर : नऊ मे.

मनसाराम : तवा अकरा होती.

खटावकर : ...कुणी लिहिलं हे?

मनसाराम : अक्षर पाहा ना.

खटावकर : तुम्ही? खोल पाणी? आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?

मनसाराम : वाटलं ना. ‘खोल’ लिवलं अन् वाटलं, जरा जास्त झालं. पन शाईनं लिहिलं होतं. खोडलं असतं तं दिसलं असतं.

खटावकर : तेव्हाच्या ठाणेदारानं धमकी दिली? काही घेतलंत?

मनसाराम : नाई जी. तुमाले सांगाले सोपं गेलं असतं, तशी एकबी गोष्ट नाई. ठाणेदार बोलले, म्या लिहिलं. ऊन लय होतं. मुडदा वास मारत होता. मले घरी जाचं होतं. बस.

खटावकर : शी!

मनसाराम : मुडदा तिकडं वऱ्हांड्यात ठेवला होता. समोर कोठडी. लालसू आतच होता, त्याले चांद्याले न्याचं होतं दुसऱ्या दिवशी. गजाले धरून पाहत होता. मले गोंडीत म्हने, याच्या डोक्यात काठी बसली, मागून. पान्यानं असं डोकं फुटते काय? ठाणेदार म्हनाले, काय म्हनते तो? मी म्हनलं, पानी मांगते. खरं सांगाची हिंमत होती ती एका माडियाची, तेबी कोठडीत बसलेल्या. तुमच्या तक्त्यात त्या सालचा खुनी तेवढा तोच.

खटावकर : मारलं कुणी त्या दादाजीला?

मनसाराम : बापूजी मालगुजारानं. सोताच्या हातानं.

खटावकर : कोण बापूजी?

मनसाराम : तुम्ही आज ज्याच्या घरी जेवले ते.

खटावकर : शक्य नाही. अहो, ते कमिटीचे अध्यक्ष आहेत. शाळेला जमीन दिलीय त्यांनी. मला पाळीपर्यंत सामोरे आले होते. स्वतः पंगतीला बसून आग्रह करत होते...

मनसाराम : काय वाढलं जी?

खटावकर : मासे. मरळ. म्हणाले, ताजी आहे, साहेब, आपल्याच... 

मनसाराम : तलाव आटला का चिखलात हातानं सापडते मरळ.

खटावकर : मला पाणी द्या.

मनसाराम : घ्या. तिकडं खिडकीतून थुका, काही हरकत नाई.

खटावकर : ...चार वर्षं तुम्ही गप्प बसलात. आज मला हे कशाला सांगताय?

मनसाराम : तुम्ही लिहिलं ना, ‘खरे व पूर्ण’. म्या अठ्ठावीस वर्सांत लय सह्या केल्या. कोनी मले असं इचारलंच नवतं का पूर्न आहे काय. आन दुसरं सांगतो, मंग तुमाले जे करावं वाटन ते करा. बाहेर मोहाच्या झाडाखाली एक बाई सकाळपासून बसली आहे, येताना तुमाले दिसली असन. दादाजीची बायको आहे. कुंता. साहेब येनार म्हून मीच निरोप धाडला तिले.

खटावकर : तुम्ही? तुमची दोन वर्षं राहिलीत नोकरीची. तिनं तोंड उघडलं तर पहिले तुम्ही अडकाल.

मनसाराम : म्हाईत आहे. बोलावू?

खटावकर : ...बोलवा.

मनसाराम : ओ कुंताबाई! ये, आत ये. साहेब बोलावते. घाबरू नको.

कुंता : घाबराचं काय आहे आता? रामराम सायेब.

खटावकर : बसा, बाई. तुमच्या नवऱ्याचं काय झालं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?

कुंता : पाह्यलं. पाळीवर होती मी, टोपलं घिऊन.

खटावकर : मग सुरुवातीपासून सांगा. सावकाश.

कुंता : तलाव मालगुजाराचा होता, गावची जमीनच त्याची होती, मंग सरकारानं मालगुजारी बुडवली. तलाव ढिवराइले भेटला. कागद झाला, मोहर लागली. तरी बापूजी म्हने, माह्या आज्यानं बांधला, ढिवराचा काऊन? दोन सालं आमी उतरलोच नाई तलावात, भेव वाटे. त्या साली माहे मालक म्हनाले, आता उतराचं. पाच जन गेले जाळे घिऊन. बापूजी आला, संगं त्याचे गडी, काठ्या घिऊन. चौघं पळाले. हे नाई पळाले.

खटावकर : का नाही पळाले?

कुंता : जाळं पसरलं होतं जी. नवं होतं. तीन महिने बसून विनलं होतं त्याइनं. ते गोळा कराले गेले. वाकले, तवा बापूजीनं मागून घातली काठी. एकच घातली. मंग गड्याइनं घातल्या. बापूजी पाळीवर उभा राहून धोतर झटकत होता, चिखल उडाला म्हून.

खटावकर : तुम्ही ओरडलात?

कुंता : लय ओरडली. गावात घरोघरचे दारं लागले. मी आवाज ऐकला ना दारं लागाचा.

खटावकर : मग इथे आलात, तेव्हा हे का नाही सांगितलंत? खाली तुमचा अंगठा आहे, पाय घसरून बुडाला म्हणून.

कुंता : सांगितलं होतं. जसं तुमाले सांगून राह्यली तसंच. त्या ठानेदारानं समदं ऐकून घेतलं. खुर्ची दिली मले बसाले. मंग म्हने, बाई, खून म्हनशीन तं कोनाले तरी फासावर चढा लागते, कायदा तसाच आहे. आता चढन कोन? बापूजीचे धा गडी येऊन सांगतीन का दादाजीले त्याच्या साळ्यानंच मारलं, मासोळीच्या वाट्यावरून.

खटावकर : साळा म्हणजे?

कुंता : माहा भाऊ. झिंगू. त्या पाचात तोबी होता. पळालेल्यात. धा जनाची साक्ष त्याच्यावर, अन् तुही एकलीची बापूजीवर, जज्ज कोनाचं ऐकन? मंग मले उठवून कोठडीपाशी नेलं. आत एक जंगलातला मानूस होता. म्हने, हा पाहा. यानं एक मारला, याले नागपूरले टांगतीन. मान इतकी लांब होते. नवरा तं गेलाच, भाऊबी घालवतं?

खटावकर : मनसाराम, हे तुमच्यासमोर?

मनसाराम : तुमी बसले तिथीच बसलो होतो मी.

कुंता : तो मानूस मले काही म्हनत होता आतून. मले त्याची बोली समजली नाई.

मनसाराम : ‘अंगठा नको देऊ’ म्हनत होता.

कुंता : काय म्हनता, भाऊ? तवा काऊन नाई सांगितलं तुमी?

मनसाराम : शाईची डबी उघडत होतो मी.

कुंता : चार वर्सं मी इचार करते का काय म्हनत होता तो. मले वाटे, शिव्या देते.

खटावकर : आणि तुम्ही अंगठा दिलात.

कुंता : दिला. याच मुनशी भाऊनं माहं बोट धरलं, शाई लावली अन् टेकवलं. घरी गेली, झिंगूले सांगितलं, तुह्यासाठी दिला. त्या दिवसापासून झिंगू माह्यासंगं नीट बोलला नाई. माह्याकडं पाहेच नाई. दारू पिये. या साली पोस महिन्यात गेला, पोट फुगून. आता फासावर द्याले माह्या घरी कोनी नाई उरला. म्हून आली.

खटावकर : ऐकताय, मनसाराम? मी शेरा लिहिला होता. फाशीचा धाक.

मनसाराम : धाक होताच साहेब. तुमी लिहिलं ते खोटं नाई. कोनाले होता, तेवढंच चुकलं.

खटावकर : बाई, तुम्हाला बापूजीला फाशी व्हायला हवी का?

कुंता : मले काऊन इचारता? मी हो म्हनलं तं देता काय, अन् नाई म्हनलं तं सोडता काय?

खटावकर : नाही, तसं नाही.

कुंता : मले त्याची मान नाई पाहिजे. गावात लोकं म्हनते, दादाजी ढिवर असून बुडाला. लग्नात, बजारात, हासते लोकं. पोरं गानं म्हनते त्याच्यावर. लिहा, का बुडाला नाई. मारला. तेवढं लिहा, बस.

खटावकर : मनसाराम, कोरा कागद घ्या.

मनसाराम : घेतला.

खटावकर : नाही, तुम्ही नका लिहू. द्या इकडे. मी लिहितो. तुम्ही आरोपी आहात यात. बापूजी पहिला, ते ठाणेदार दुसरे, तुम्ही तिसरे. खोटा दस्तऐवज केल्याचा गुन्हा. समजतंय ना?

मनसाराम : समजते. फौंटनपेन हे घ्या, याचं निब चांगलं आहे.

खटावकर : मोठे साहेब मला सोडणार नाहीत. आकडे आणायला पाठवलं होतं, गुन्हा घेऊन आला म्हणतील. तो टाइप केलेला शेरा आहे ना माझ्या फायलीत, द्या. फाडा तो. थांबा, मीच फाडतो. किती बेशरम मराठी लिहिलंय मी. ‘लक्षणीय वाढ’! चला बाई, सांगा. दिवस कोणता, वेळ कोणती?

कुंता : सकाळ. सूर्य पाळीच्या वर हातभर आला होता.

(पुढल्या वर्षीचा माघ महिना. करंजबोडीच्या तलावाची पाळ, सकाळ.)

कुंता : मुनशी भाऊ! तुमी? मी वळखलीच नाई. खाकी नाई म्हून.

मनसाराम : खाकी गेली, बाई. दिवाळीच्या आधीच काढून टाकलं नोकरीतून. चांद्याहून आलो, गावाकडं चाललो. म्हनलं, पाळीवरून जाव. कोर्टात तुह्यासंगं बोलताच आलं नाई.

कुंता : बसा. मी समजली नाई तवा इंग्रजीत काय वाचलं जज्जानं ते. बापूजीले माळा घातल्या लोकाइनं, तवा समजलं का सुटला.

मनसाराम : तुही साक्ष चांगली झाली. पळालेल्या चौघांतले दोघं उभे राह्यले, तेबी खरं बोलले. माह्यापाशी येऊन अटकलं. मी सांगितलं, मर्ग खोटा लिहिला होता, आता खरं सांगतो. जज्जानं लिहिलं, ज्यानं शपथेच्या नोकरीत एकदा खोटं लिहिलं, त्याचं आताचं खरं कायच्या भरोशावर मानावं? अन् मुडदा कोनी डाक्टरानं पाह्यला नवता. संशयाचा फायदा भेटला त्याले.

कुंता : चुकीचं नाई लिहिलं जी जज्जानं.

मनसाराम : नाई. चुकीचं नाई.

कुंता : तुमाले काय झालं?

मनसाराम : माही केस वेगळी चालली. सहा महिन्याची सजा झाली. अपीलात आहे. जे होईन ते होईन. पुराना ठाणेदार तं मोठा अफसर झाला, त्याचं नावच नाई आलं. अन् खटावकर साहेबाले कोकनात धाडलं, समुद्राच्या कडंले. तुह्याच जबानीवरून मोठ्या साहेबासंगं लय वाजलं त्याइचं.

कुंता : बरा मानूस होता. लिहिलं ते वाचून दाखवे मले.

मनसाराम : बापूजी त्रास देते काय?

कुंता : पाळीवर येत नाई तो आता. माह्यासमोर तं नाईच. त्या दिवशी बैलबंडीत होता, मी रस्त्यानं येत होती, तं त्यानं रस्ता सोडून बंडी वावराच्या धुऱ्यात घातली. गानं म्हनाचं बंद झालं पोराइचं. ढिवर उतरते तलावात. पाहा ना, आठ जाळे आहेत आज. कागद तोच आहे, सालं लागले इतके.

मनसाराम : मासोळी चांगली आहे?

कुंता : बरी आहे. घिऊन जा दोन. ...भाऊ, एक इचारू? तो सायेबाचा मोठा कागद होता ना, ज्याच्यात मारलेले लोकं मोजले होते. त्याच्यात माहे मालक आले काय?

मनसाराम : आले. खटावकर साहेबाच्या जागी आला त्यानं तक्ता नवा केला, जूनअखेरपर्यंतचा. मले नव्या मोहररानं दाखवला, मायाळू पोरगा आहे. सही त्याची घेतली.

कुंता : मंग बरं झालं. चोपन सालात दोन झाले ना आता?

मनसाराम : नाई. चोपन्नात एकच आहे. लालसू.

कुंता : असं कसं?

मनसाराम : रपट ज्या साली लिहिली त्या साली मोजते, सरकारचा तसा नेम आहे. दादाजी अठ्ठावन्नच्या खान्यात आहे. फाशीचा कायदा सैल झाल्याच्या नंतरच्या. अन् खाली शेरा गेला, तोच, फाडलेला. ‘धाक कमी होताच खून वाढले.’ त्या वाढीत दादाजीबी एक आहे.

कुंता : अठ्ठावन... म्हंजे कागदात ते चार वर्सं जित्ते होते?

मनसाराम : कागदात, हो.

कुंता : मंग कुठी होते, भाऊ, तेवढे दिवस?